हार्डविक स्ट्रीटचे आईबाप

१९८३ साली डब्लिनमध्ये एक अहवाल तयार झाला. जॉन ब्रॅडशॉ या संशोधकाने शहराच्या उत्तरेकडच्या मध्यवस्तीतला एक लहानसा भाग घेऊन तिथल्या १५ ते २४ वयाच्या तरुणांची पाहणी केली होती. गेल्या वर्षभरात हेरॉइन घेतलं का, हा मुख्य प्रश्न. दहातल्या एकाने घेतलं होतं. नुसता १५ ते १९ हा वयोगट पाहिला तर आकडा आणखी चढत होता: मुलगे १२ टक्के, मुली १३ टक्के. हेरॉइनच्या बाबतीत मुली मुलग्यांच्या पुढे गेल्याचं सहसा कुठे आढळत नाही. इथे आढळलं.

त्या गल्ल्यांमधल्या आयांना यात नवं काही नव्हतं. कुठल्या जिन्यात कोण विकतं, कुणाचा पोरगा घेतो, कुणाच्या घरातला टीव्ही गेल्या आठवड्यात नाहीसा झाला, हे त्यांना तोंडपाठ होतं. दोन-तीन वर्षं त्या ते पोलिसांना, नगरपालिकेला, चर्चला सांगत होत्या. सरकारला मात्र टक्केवारी हातात पडेपर्यंत कळलं नव्हतं. आणि टक्केवारी हातात पडल्यावर काय झालं, ते पुढे येईलच.

लिफी नदी डब्लिनचे दोन भाग करते. उत्तरेच्या भागात शॉन मॅकडरमट स्ट्रीट, समरहिल, शेरिफ स्ट्रीट, हार्डविक स्ट्रीट हे सगळे रस्ते चालत अर्ध्या तासात पालथे घालता येतील एवढ्या अंतरात आहेत. अठराव्या शतकात इथे श्रीमंतांचे वाडे उभे राहिले. श्रीमंत निघून गेले आणि त्याच वाड्यांच्या एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागलं. नंतर नगरपालिकेने चार-चार मजली चाळवजा इमारती बांधल्या. पोटापाण्याचं साधन एकच, गोदी. नोंदणी झालेल्या गोदी कामगाराकडे एक बिल्ला असायचा, त्याला ‘बटन’ म्हणत. ज्याच्याकडे बटन, त्याला कामाला आधी हाक. बटन बापाकडून मुलाकडे जायचं. मग कंटेनर आले. जे जहाज रिकामं करायला माणसांच्या टोळ्या लागत, ते एक क्रेन आणि मूठभर माणसं करू लागली. सत्तरचं दशक संपेपर्यंत बापाकडे बटन होतं आणि मुलाला काम नव्हतं.

मराठी वाचकाला इथे गिरणगाव आठवणारच. १८ जानेवारी १९८२ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि नंतर लालबाग-परळच्या चाळींत जे झालं ते आपल्याला ठाऊक आहे. काळ जवळजवळ तोच. आणि तिथे जी पूड पोहोचली तीही साधारण त्याच मुलखातून आलेली. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या, आणि त्या पट्ट्यातलं हेरॉइन पश्चिमेला युरोपात, दक्षिणेला कराची-मुंबईकडे लोटलं गेलं. मुंबईत त्याला ब्राऊन शुगर म्हणत, पुढे गर्द हे नाव रुळलं. डब्लिनमध्ये ‘गिअर’. लेखक अनिल अवचट मुंबई-पुण्यातल्या गर्दुल्ल्यांत हिंडून लिहीत होते, त्याच सुमाराला हार्डविक स्ट्रीटच्या जिन्यांत पंधरा वर्षांची मुलं तीच पूड घेत होती.

त्याआधी डब्लिनमध्ये नशा नव्हती असं नाही. साठ-सत्तरच्या दशकात औषधांची दुकानं फोडून गोळ्या पळवल्या जात. १९६९ साली जर्व्हिस स्ट्रीटच्या रुग्णालयात व्यसनींसाठी एक केंद्र निघालं होतं. १९७३ साली लॉर्ड रॉसमोर यांच्या पुढाकाराने शहराच्या पश्चिमेला कूलमाइन ही निवासी संस्था सुरू झाली. पण रुग्ण थोडे होते, बरेचसे वेगळ्या थरातले. बाजारात हेरॉइन घाऊक प्रमाणात आणलं ते डन कुटुंबाने. हे लोक मुळात दरोडेखोर. बँक लुटण्यापेक्षा यात जोखीम कमी आणि पैसा जास्त, हा हिशेब त्यांनी इतरांच्या आधी केला. लॅरी डन स्वतःच्या खिशात माल कधीच ठेवत नसे, त्यावरून गल्लीत यमक जुळवून म्हण पडली होती. खटला चालू असताना १९८३मध्ये तो पळाला, पोर्तुगालमध्ये सापडला, आणि १९८५ साली त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. तोवर धंदा शिकलेली दुसरी पिढी तयार होती.

हेरॉइन शरीरात काय करतं, हे इथे सांगायला हवं, कारण पुढची सगळी भांडणं त्यावरच आहेत. अफूपासून मॉर्फिन होतं, मॉर्फिनपासून हेरॉइन. मेंदूत वेदना शमवणारी आपली स्वतःची रसायनं ज्या जागी बसतात, त्याच जागा ते अडवतं. पहिल्या वेळी भीती, थंडी, भूक, लाज सगळं एकदम विरतं. काही आठवड्यांच्या रोजच्या सवयीने मेंदू त्याला सरावतो आणि तेवढ्याच परिणामाला अधिक मात्रा लागते. मग आठ-बारा तास मिळालं नाही की नाक-डोळे वाहतात, हाडं दुखतात, पोटात कळा येतात, झोप उडते. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत वाईट. या टप्प्याला माणूस मजेसाठी घेत नसतो, आजारी पडू नये म्हणून घेत असतो. घरातला टीव्ही विकणाऱ्या मुलाला राक्षस म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

मृत्यू येतो तो श्वासातून. श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्र अफूवर्गी औषधाने मंदावतं. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर बंदही पडू शकतं. आयर्लंडमधल्या बहुतेक अशा मृत्यूंत शरीरात एकाहून अधिक पदार्थ सापडतात. आणि सर्वांत धोक्याचा काळ कोणता, तर तुरुंगातून किंवा उपचार केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही दिवस. शरीराची सवय मोडलेली असते, पण हाताला जुनीच मात्रा आठवते.

तरीही रसायनावर सगळं टाकून मोकळं होता येत नाही. व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या संशोधिकेने केला. तिथे असताना सुमारे २० टक्के जवानांना हेरॉइनचं व्यसन जडलं होतं. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यातले जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात पडले. पूड तीच, शरीर तेच. त्यांच्यापुरतं युद्ध संपलं होतं आणि घरी काम, बायको, शेजारपाजार होता. आता याच्या उलट शेरिफ स्ट्रीटचा मुलगा घ्या. कूलमाइनमध्ये वर्षभर राहून तो स्वच्छ होऊन येतो, आणि येतो कुठे? त्याच जिन्यात, जिथे विकणारा त्याच पायरीवर बसलेला आहे आणि बापाला अजून काम नाही.

उत्तर डब्लिनच्या या भागातून फेब्रुवारी १९८२मध्ये टोनी ग्रेगरी अपक्ष म्हणून संसदेत निवडून गेले. टाय न लावता सभागृहात बसणारा हा माणूस. चार्ल्स हॉही यांना सरकार बनवायला त्यांचं मत हवं होतं. ग्रेगरींनी मताच्या बदल्यात मध्यवस्तीसाठी घरं, नोकऱ्या, शाळा आणि गोदीची मोकळी जमीन ताब्यात घेण्याचं वचन लेखी घेतलं. आयर्लंडच्या राजकारणात तो करार ‘ग्रेगरी डील’ म्हणून अजून ओळखला जातो, आणि सुशिक्षित डब्लिनकर त्याचा उल्लेख किंचित नाक मुरडून करतात. सरकार त्याच वर्षी नोव्हेंबरात पडलं आणि बरंचसं वचन कागदावरच राहिलं.

मग आईबाप उठले.

१९८३ साली नदीच्या दक्षिणेला सेंट टेरेसाज गार्डन्स आणि उत्तरेला हार्डविक स्ट्रीट या दोन वस्त्यांतून ही चळवळ निघाली. नाव सरळ होतं, ‘अमली पदार्थांविरुद्ध चिंतित पालक’. जिम स्मिथ हे जेझुइट पाद्री त्यांच्यासोबत होते. पद्धत अशी: वस्तीच्या मोकळ्या जागेत सभा भरवायची. विकणाऱ्यांची नावं सगळ्यांसमोर घ्यायची. ज्याचं नाव आलं त्याने सभेत येऊन खुलासा करावा, किंवा धंदा बंद करावा. नाहीतर सगळी वस्ती मोर्चा घेऊन त्याच्या दारात जाणार. तरीही ऐकलं नाही तर सामान उचलून रस्त्यावर आणून ठेवणार. रात्री इमारतींच्या तोंडाशी पहारे बसत, अनोळखी माणसाला कुणाकडे जायचं ते विचारलं जाई. या सगळ्यात बायका मोठ्या संख्येने होत्या.

आणि ते चाललं. निदान त्या वस्त्यांपुरतं तरी. जिथे दिवसाढवळ्या रांगा लागत तिथला बाजार काही महिन्यांत उठला. जे पोलिसांना जमलं नव्हतं ते शेजाऱ्यांनी करून दाखवलं. गमतीचा भाग म्हणजे मार्टिन केहिल या डब्लिनच्या नामचीन दरोडेखोराने उत्तरादाखल स्वतःची ‘चिंतित गुन्हेगार समिती’ काढली.

पण हा प्रकार पाहताना मला पूर्ण आनंद होत नाही. सभेत नाव घेतलं जाणारा प्रत्येक जण घाऊक व्यापारी नव्हता. बरेचसे स्वतःची सवय भागवण्यापुरतं विकणारे, म्हणजे त्याच वस्तीतली, त्याच आयांची मुलं. सामान रस्त्यावर येई तेव्हा त्या घरातली म्हातारी आणि नातवंडंही रस्त्यावर येत. साक्ष नाही, वकील नाही, अपील नाही. आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेने या चळवळीत हात घातल्याचा आरोप सरकार सतत करत होतं, आणि त्यात काहीच तथ्य नव्हतं असंही म्हणता येत नाही. पुढे १९९६च्या मे महिन्यात, चळवळीची दुसरी लाट आली असताना, एड्सने खंगलेल्या एका व्यसनी माणसाला जमावाने मारहाण केली आणि तो मेला.  ज्या वस्तीला राज्याने वाऱ्यावर सोडलं, तिने न्याय आपल्या हातात घेतला तर त्याचा दोष कुणाकडे किती, हा हिशेब मला मांडता येत नाही. मात्र त्या मोर्चांवर अग्रलेख लिहून कायदा हातात घेऊ नका म्हणणाऱ्यांपैकी कितीजण रात्री त्या जिन्यातून एकटे चढले असते, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

सरकारने १९८३मध्ये एक विशेष कृतिदल नेमलं. त्याच्या अहवालाचा गाभा गरिबीचा होता: हेरॉइन कुठेही पसरलेलं नाही, ठरावीक वस्त्यांत एकवटलं आहे, तेव्हा त्या वस्त्यांना प्राधान्याने पैसा आणि सोयी द्या. अहवाल प्रसिद्धच केला नाही. पुढच्या वर्षी, १९८४मध्ये, शिक्षा वाढवणारा कायदा मात्र मंजूर झाला. शिक्षा वाढवायला पैसे लागत नाहीत.

दरम्यान सुया हातोहात फिरत होत्या. आयर्लंडमध्ये १९८५पर्यंत कंडोमसुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नव्हता. अशा देशात व्यसनींना सरकारने स्वच्छ सुया वाटाव्यात ही कल्पना मांडणंही अवघड होतं. एचआयव्हीची चाचणी सुरू झाली तेव्हा कळलं की देशातल्या निम्म्याहून जास्त बाधितांना तो सुईतून झाला आहे. १९८०मध्ये सतरा-अठरा वर्षांची असलेली पिढी नव्वदच्या सुमाराला मरू लागली. एकाच घरातली दोन-दोन, तीन-तीन भावंडं गेली. १९८२ साली ॲना लिफी हा प्रकल्प जेझुइट पाद्री फ्रँक ब्रॅडी यांनी सुरू केला होता: आधी नशा सोड मग ये, अशी अट न घालता माणसाला दारात घ्यायचं. १९८९ साली नदीकाठच्या मर्चंट्स की इथल्या फ्रान्सिस्कन मठाने दार उघडलं. त्याच वर्षी पहिली सरकारी सुई-बदल सोय सुरू झाली. कर्मठ म्हणून ज्या धर्मसंस्थेची टिंगल होते, तिच्यातली ही माणसं या बाबतीत सरकारच्या कितीतरी पुढे होती. तिच्यातल्या इतरांबद्दल हेच म्हणता येणार नाही.

पुण्यात याच वर्षांत जे घडलं ते वाचकांना माहीत आहे. अवचटांचं लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू केलं. दोन्हीकडे सुरुवात सरकारबाहेरच्या चार माणसांनी केली. फरक एवढा की आपल्याकडे एका लेखकाच्या शब्दाला वजन होतं आणि ते ऐकणारा मध्यमवर्ग होता. डब्लिनच्या मध्यवस्तीची गोष्ट मध्यमवर्गापर्यंत पोहोचायला एक खून व्हावा लागला.

व्हेरोनिका गेरिन ही ‘संडे इंडिपेंडंट’ची पत्रकार. अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांची दारं ठोठावून, त्यांना तोंडावर प्रश्न विचारून ती लिहीत असे. तिच्या घरावर गोळीबार झाला, पायात गोळी घातली गेली, जॉन गिलिगन या टोळीप्रमुखाने मारहाण केली. २६ जून १९९६ला भरधाव गाडी चालवल्याच्या किरकोळ खटल्यासाठी ती नेसच्या न्यायालयात जाऊन परत येत होती. डब्लिनच्या वेशीवर सिग्नलला गाडी थांबली, मोटारसायकल शेजारी आली, आणि मागे बसलेल्याने गोळ्या झाडल्या. ती ३७ वर्षांची होती.

देश हादरला. काही आठवड्यांत संसदेत कायदा झाला की गुन्हा सिद्ध व्हायची वाट न पाहता गुन्ह्यातून आलेली मालमत्ता न्यायालयाच्या हुकमाने गोठवता येईल. ऑक्टोबरात पोलीस, आयकर आणि समाजकल्याण खात्याची माणसं एकत्र बसवून एक नवा विभाग उभा राहिला. आलिशान घरं, घोडे, गाड्या जप्त होऊ लागल्या. जगभरच्या पोलिसांनी हा नमुना उचलला. त्याच महिन्यात मंत्री पॅट रॅबिट यांच्या समितीचा अहवाल आला. हेरॉइन आणि दारिद्र्य यांचं नातं त्यात स्पष्ट शब्दांत मांडलेलं होतं. ज्या वस्त्यांत प्रश्न आहे तिथल्या लोकांना बसवून स्थानिक समित्या काढा, असं ते म्हणत होते. म्हणजे १९८३च्या न छापलेल्या अहवालाचंच म्हणणं, तेरा वर्षांनी. आज अशा १४ स्थानिक आणि १० विभागीय समित्या आहेत.

गेरिनच्या धैर्याबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण तिच्या मृत्यूआधी त्या गल्ल्यांमधून ज्या शवपेट्या गेल्या, त्यांची बेरीज संसदेला काही आठवड्यांत कायदा करायला पुरेशी वाटली नव्हती, ही गोष्ट तिच्या चाहत्यांनीही मान्य करावी. त्या मृतांसाठी बकिंगहॅम स्ट्रीटच्या तोंडाशी एक शिल्प आहे. लिओ हिगिन्स यांनी केलेलं, दगडी चौकट आणि तिच्यात सोनेरी ज्योत, नाव ‘होम’. २००० साली राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकलीस यांनी त्याचं अनावरण केलं. ज्योतीच्या ओतीव कामात घरच्यांनी दिलेल्या वस्तू वितळवून मिसळल्या आहेत. तिथून चालत काही मिनिटांवर आयएफएससी, म्हणजे १९८७पासून जुन्या गोदीच्या जागेवर उभं राहिलेलं वित्तकेंद्र. आपली पुण्या-मुंबईची बरीच मुलं-मुली कॉनली स्टेशनला उतरून तिथल्या काचेच्या इमारतींत कामाला जातात. गोदी कामगारांच्या नातवंडांना तिथे किती नोकऱ्या मिळाल्या, ही वेगळी आणि कडवट कहाणी आहे.

नव्वदच्या दशकात उपचाराची मुख्य वाट ठरली ती मेथाडोनची. हेही अफूवर्गी औषध, पण तोंडाने घ्यायचं आणि जवळजवळ दिवसभर टिकणारं. नशेचा झटका येत नाही, तलफेचा त्रासही होत नाही. डब्लिनमध्ये ते हिरव्या रंगाचं द्रावण असतं आणि घेणारे त्याला ‘फाय’ म्हणतात. १९९८च्या नियमावलीने ते साध्या डॉक्टरांना लिहून देता आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून देता येऊ लागलं. आज दहा हजारांहून अधिक लोक असे उपचार घेतात. मेथाडोनने लोक जगले, चोऱ्या कमी झाल्या, सुया कमी झाल्या, याचे पुरावे भक्कम आहेत. पण रोज दुकानदारासमोर उभं राहून घोट गिळायचा, असं वीस-वीस वर्षं चाललेले लोक डब्लिनमध्ये आहेत. ‘आम्हाला इथे पार्क करून ठेवलंय’ ही तिथली नेहमीची तक्रार. औषधासोबत घर, समुपदेशन आणि काम द्यायचं होतं. औषध स्वस्त होतं, ते मिळालं.

  

आता पुन्हा बाजार बदलला आहे. २०२२ साली उपचारासाठी आलेल्या लोकांत कोकेनने पहिल्यांदा हेरॉइनसह सगळ्या अफूवर्गी पदार्थांना मागे टाकलं: ३४ टक्के आणि ३३ टक्के. हा एका टक्क्याचा फरक मोठा आहे, कारण कोकेनला पत्ता नाही. हेरॉइन शहराच्या मोजक्या वस्त्यांत बसलं होतं. कोकेन प्रत्येक परगण्यात आहे, गावच्या क्रीडा क्लबात आहे, लग्नाच्या पार्टीत आहे, आणि ते घेणारे पुष्कळसे नोकरीधंद्यातले आहेत. कोकेनवर मेथाडोनसारखं बदली औषध नाही, आहे ते बोलण्याचे उपचार. विकणाऱ्याच्या दारावर मोर्चा न्यायचा तर कुठे? तो फोनवर असतो आणि माल गाडीतून घरपोच येतो.

वरच्या टोकाला पैसा किती आहे ते सप्टेंबर २०२३मध्ये दिसलं. पनामाचा झेंडा लावलेलं ‘एमव्ही मॅथ्यू’ हे मालवाहू जहाज दक्षिण किनाऱ्याजवळ होतं. आयरिश सैन्याची विशेष तुकडी हेलिकॉप्टरमधून दोरावरून त्याच्या डेकवर उतरली. सव्वादोन टन कोकेन, किंमत १५ कोटी ७० लाख युरो. त्याआधी २०१६मध्ये रीजन्सी हॉटेलवर दिवसाढवळ्या पोलिसांच्या वेषात बंदूकधारी घुसले होते. किनाहन आणि हच या दोन टोळ्यांच्या त्या वैरात दीड डझनाच्या आसपास माणसं मेली. किनाहन टोळीचे प्रमुख तोवर परदेशात राहायला गेले होते. २०२२मध्ये अमेरिकेने त्यांच्या पकडीसाठी प्रत्येकी ५० लाख डॉलरपर्यंत बक्षीस लावलं. मेलेल्यांपैकी बहुतेक जण आणि त्यांच्या आया कुठल्या वस्त्यांतल्या होत्या, ते सांगायला नको. कोकेन घेणारा सगळीकडचा, पण त्यासाठी गोळी खाणारा जुन्याच पत्त्यावरचा.

आपल्याकडे २०२४च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडलं. आपण आता नुसतं वाटेवरचं बंदर राहिलेलो नाही, बनवतो. डब्लिनकडून काही घ्यायचं तर ते हे की पकडलेल्या मालाचा आकडा वर्तमानपत्राला लागतो, वस्तीला नाही.

कायद्याची कसरत आयर्लंडने बरीच केली. मार्च २०१५मध्ये तर अपील न्यायालयाने एका निकालाने जुन्या नियमांतली त्रुटी दाखवली आणि एक्स्टसीसह बरेच पदार्थ रातोरात बाळगायला कायदेशीर झाले. संसदेने धावतपळत नवा कायदा केला, पण मध्ये एक दिवस देश अधिकृतपणे मोकळा होता. शहर काही बुडालं नाही.

२०२३ साली ९९ सामान्य नागरिक चिठ्ठ्या काढून निवडले गेले. पॉल रीड यांच्या अध्यक्षतेखाली या नागरिक सभेने एप्रिल ते ऑक्टोबर बसून डॉक्टर, पोलीस, व्यसनातून उठलेली माणसं, मृतांचे नातेवाईक यांचं ऐकलं. त्यांनी ३६ शिफारशी केल्या. मुख्य म्हणणं असं की जवळ थोडा माल सापडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी आरोग्यसेवेकडे पाठवा. गांजा विक्रीसाठी खुला करण्याचा मुद्दा अवघ्या एका मताने पडला. आपल्या १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यातही उपचाराला तयार असलेल्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं कलम आहे. ते किती जणांना मिळतं, हे कुठल्याही जिल्हा न्यायालयातल्या वकिलाला विचारावं.

नागरिक सभेच्या बैठका संपल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२३मध्ये, डब्लिनमध्ये काही दिवसांत ५७ जण अतिमात्रेने कोसळले. पुडीत हेरॉइनऐवजी नायटाझीन निघालं. पन्नासच्या दशकात वेदनाशामक म्हणून शोधलेलं आणि अतितीव्र म्हणून औषधात कधीच न आलेलं हे रसायन. त्यावर नालोक्सोनचा फवारा नाकात मारला तर श्वास परत येतो, पण एकदा मारून पुरतोच असं नाही. जवळ तो फवारा असलेलं आणि घाबरून न पळणारं दुसरं माणूस हवं. हेरॉइनच्या सुया टोचणारे लोक डब्लिनमध्ये पुष्कळदा एकटे असतात, गल्लीच्या आडोशाला, बांधकामाच्या पत्र्यामागे, कॅफेच्या संडासात. २०२१मध्ये देशात अमली पदार्थांच्या विषबाधेने ३५४ माणसं गेली. ५१ लाखांच्या देशात रस्ते अपघातात त्या वर्षी जितकी गेली, त्याच्या दुपटीहून जास्त.

देखरेखीखाली सुई घेण्याच्या जागेचा कायदा २०१७मध्येच झाला होता. जागा ठरली तीच मर्चंट्स कीची. मग नगरपालिकेने परवानगी नाकारली, नियोजन मंडळाने दिली, शेजारची प्राथमिक शाळा उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने परवानगी रद्द केली, मंडळाने पुन्हा दिली. शाळेची बाजू चुकीची नव्हती. त्यांच्या दारात सुया आधीच पडलेल्या असत, आता आणखी गर्दी येईल ही त्यांची भीती, आणि शहरातल्या अशा सगळ्या सोयी गरीब शाळांच्याच शेजारी का येतात हा त्यांचा प्रश्न. बॉल्सब्रिजसारख्या श्रीमंत भागात असं केंद्र काढायचं कुणी सुचवलंही नव्हतं.

डिसेंबर २०२४मध्ये, कायद्यानंतर सात वर्षांनी, दीड वर्षाच्या प्रयोगापुरतं ते उघडलं. माणूस आपला माल घेऊन येतो. नर्स स्वच्छ सुई देते, टोचत नाही. तो स्वतः टोचतो आणि ती त्याच्या श्वासावर नजर ठेवते. नंतर तो काही वेळ तिथेच बसतो. कुणाला घर हवं असतं, कुणाला मेथाडोन, कुणाला पायावरची जखम दाखवायची असते. या खोलीत तो माल जवळ असणं गुन्हा नाही, कायद्याने तशी सूट दिली आहे. दारापर्यंतच्या फुटपाथवर तोच माल त्याच खिशात असेल तर १९७७चा अमली पदार्थविरोधी कायदा अजून लागू आहे, आणि त्या फुटपाथवर गार्डा, म्हणजे आयरिश पोलीस, उभा असतो.